ओव्हन तापत नाही? रॉड बदलण्याआधी व्होल्टेज तपासा. मिक्सर, कुकरचे सुटे भाग घेतानाही ही काळजी घ्या

ओटीजी ओव्हन आता फक्त शहरातल्या घरांत राहिलेला नाही. केक, नानकटाई, खारी करून विकणाऱ्या महिला आणि बचत गट खेड्यापाड्यांतही आहेत. ओव्हन बंद पडला की घेतलेली ऑर्डर अडते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असतं ते बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी. मग कुणी सांगतं रॉड गेला, कुणी सांगतं थर्मोस्टॅट गेला. एसटीचं भाडं घालून आणलेला भाग घरी येऊन बसतच नाही, आणि दुकानदार म्हणतो, बसवून पाहिलेला माल परत घेत नाही.

'ओव्हन नीट तापत नाही' या तक्रारीत अनेकदा ओव्हनचा दोषच नसतो. घरात येणारी वीज 230 व्होल्टची धरलेली असते. व्होल्टेज जेवढं उतरतं त्यापेक्षा उष्णता जास्त उतरते, कारण रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. 1600 वॅटचा ओव्हन 200 व्होल्टवर साधारण 1200 वॅटच देतो. 180 व्होल्टवर तर जेमतेम 980. म्हणजे व्होल्टेज पावपटीहून कमी उतरलं, पण उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. संध्याकाळी एकाच डीपीवर सगळ्यांचे दिवे, पंखे आणि मोटारी सुरू झाल्या की केक मध्ये कच्चा राहतो, आणि तोच केक दुपारी व्यवस्थित फुगतो. असं होत असेल तर रॉड बदलून काही उपयोग नाही.

वायरमनकडून ओव्हन चालू असताना सॉकेटवरचं व्होल्टेज मोजून घ्या. ओव्हन बंद असताना 225 आणि चालू केल्यावर 190 दिसत असेल, तर घरातलं वायरिंग बारीक आहे, कुठेतरी जोड सैल आहे किंवा बाहेरच्या सर्व्हिस वायरमध्ये गडबड आहे. ओव्हन बंद असतानाही व्होल्टेज कमीच असेल आणि शेजारीही तीच रड असेल, तर 1912 या क्रमांकावर महावितरणकडे तक्रार नोंदवा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर ओव्हनला लावू नका, तेवढा भार त्याला पेलत नाही. 1600 वॅटचा ओव्हन 7 अँपिअर ओढतो, त्यामुळे सॉकेट 16 अँपिअरचंच हवं. टीव्हीच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून ओव्हन चालवणं म्हणजे वायर जाळायला घेणं.

रॉड खरंच गेला असेल तर

व्होल्टेज ठीक आहे, पण वरचे किंवा खालचे रॉड लालच होत नाहीत, तेव्हा भाग बदलायची वेळ आली. अनेक ओटीजीमध्ये वरचे दोन रॉड एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की दोन्ही थंड पडतात. म्हणून 'दोन्ही गेले, दोन्ही बदला' असं कुणी म्हटलं तर आधी मल्टिमीटरने तपासायला लावा. अशा जोडीत भलत्याच वॅटचा रॉड घातला तर एक रॉड भडक तापतो, दुसरा कोमट राहतो आणि नानकटाई एका बाजूने करपते.

दुकानात जाताना जुना रॉड सोबत न्या. ते जमत नसेल तर रॉडची लांबी, दोन्ही टोकांचा आकार आणि ओव्हनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, व्होल्ट, वॅट यांचा फोटो काढून दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. 'अमुक कंपनीचा, मोठा वाला' एवढ्यावर भाग मिळत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे रॉडही वेगळे निघतात.

आत वापरायची वायरही बघा. ओव्हनमध्ये उष्णता सहन करणारी, काचेच्या धाग्याचं वेष्टण असलेली वायर लागते. घराच्या फिटिंगची साधी प्लास्टिकची वायर आणि काळी चिकटपट्टी तिथे वितळते, आणि उघडी तार पत्र्याला लागली की अख्ख्या ओव्हनमध्ये करंट उतरतो. पावसाळाभर न वापरलेल्या ओव्हनच्या रॉडमध्येही ओल शिरते. हात लावल्यावर मुंग्या आल्या तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन कापलेला प्लग तर वापरूच नका.

'डायरेक्ट' करून घेऊ नका

दुरुस्तीतला सगळ्यात धोक्याचा शब्द म्हणजे 'डायरेक्ट'. थर्मोस्टॅट मिळत नाही म्हणून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून दिल्या जातात. ओव्हन चालू होतो, मिस्त्रीचे पैसे दिले जातात, सगळे खूश. पण आता तो ठरलेल्या तापमानाला थांबत नाही, तापतच राहतो. थर्मल फ्यूजचंही तेच. हे दोन भाग मिळेपर्यंत ओव्हन बंद ठेवलेला परवडतो. दुरुस्तीनंतर काढलेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर बदललेल्या भागाचं नाव लिहून घ्या.

मायक्रोवेव्हची गोष्ट वेगळी. काचेची थाळी, तिच्याखालची चाकांची रिंग आणि आतल्या बाजूची अभ्रकाची पट्टी एवढंच घरी बदलता येतं. आत ठिणग्या उडत असतील तर बऱ्याचदा तेलकटपणाने ती पट्टीच जळालेली असते. पट्टी स्वस्त असते आणि मापाने कापून बसते. मात्र मागचं कव्हर घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सुमारे 2000 व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. ओटीजी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला मायक्रोवेव्ह जमतोच असं नाही, हे विचारून घेण्यात लाजायचं काही नाही.

मिक्सर आणि कुकर

मिक्सर अचानक बंद पडला तर दुकान गाठण्याआधी तो उलटा करून बघा. बहुतेक मिक्सरच्या तळाला लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं. प्लग काढून थोडा वेळ थंड होऊ द्या, बटण दाबा, काम झालं. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर झिजलाय. तो घरी बदलता येतो, फक्त अनेक मिक्सरमध्ये त्याचा आटा उलटा असतो, उगाच जोर लावू नका. कार्बन ब्रश बदलायचे तर दोन्ही एकदम.

कुकरच्या बाबतीत मात्र 'बसतंय ना, मग चालतंय' हे चालत नाही. रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे घ्या. शिट्टीच्या वजनावर आतला दाब ठरतो. दुसऱ्या कुकरची जड शिट्टी ठेवली तर दाब ठरल्यापेक्षा वाढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला म्हणजे त्याने आपलं काम केलं. तिथे नवाच बसवायचा, खिळा, स्क्रू किंवा एम-सील नाही. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचं आहे. आठवडी बाजारात नवा कुकर घेताना चिन्हाशेजारी आयएस 2347 हा आकडा आहे का ते पाहा.

वॉरंटीत असूनही कंपनी भाग देत नसेल किंवा टाळाटाळ करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं असून दुरुस्ती आणि सुट्या भागांची कंपन्यांनी दिलेली माहिती तिथे मिळते. तक्रारीच्या वेळी बिल आणि मॉडेल नंबर हाताशी ठेवा. मागची पट्टी तेलाने आणि घासणीने पुसून जाते, म्हणून तिचा फोटो वस्तू नवी असतानाच काढून ठेवावा.