फुरसत आणि करमणूक

‘फुरसत’ आणि ‘करमणूक’ हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. उपजीविकेचे काम, जेवण, झोप इत्यादी गरजा भागल्यावर माणसाच्या स्वाधीन उरणारा वेळ म्हणजे फुरसत. त्या वेळात मन रमावे म्हणून जे केले जाते, ती करमणूक. ‘करमणे’ हे क्रियापद बहुधा नकारातच ऐकू येते, हे लक्षणीय आहे. ‘करमत नाही’ म्हणणाऱ्याजवळ वेळ असतो, रमण्यासारखे काही नसते. याच्या उलट स्थिती, म्हणजे वेळच नसणे, अधिक गंभीर होय.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे गिरणी कामगार याच स्थितीत होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून ती मागणी पुढे आणली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार मिळाला. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र १९११ मध्ये मर्यादा आली, आणि तीही बारा तासांची! हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिकही १८९० चेच, हा केवळ योगायोग.

मोकळा वेळ मिळाल्यावर तो भरण्यास गिरणगावाला कोणी शिकवावे लागले नाही. भजनी मंडळे, आखाडे, कबड्डीचे संघ, लोकनाट्ये वस्तीतूनच उभी राहिली. १९५३ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने पुढे नाट्यस्पर्धांद्वारे या हौसेला व्यासपीठ दिले.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातील चोविसावे कलम विश्रांती व फुरसत हा प्रत्येकाचा हक्क मानते. मात्र त्यात स्पष्ट उल्लेख आहे तो कामाच्या तासांच्या वाजवी मर्यादेचा आणि ठरावीक काळाने मिळणाऱ्या पगारी सुटीचा. या दोन्ही गोष्टी वेतन देणारा कोणी आहे असे गृहीत धरतात. रविवारी सारे घरी असल्याने जिचे स्वयंपाकघरातील काम वाढते, त्या गृहिणीच्या तासांची मोजदाद यांत कोठेच होत नाही.