जोडीच्या कार्बोरेटरची कुळकथा

पावसाळा सरून दसरा जवळ आला की रत्नागिरीत जुन्या दुचाक्या आणि मोटारी ताडपत्रीखालून बाहेर निघतात. चार महिने खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्बोरेटर बहुधा उघडावाच लागतो. तो एकच असेल तर काम फार नाही. साफ केला, बसवला, स्लो म्हणजे इंजिनाची संथ चाल लावली की गाडी रस्त्यावर. पण इंजिनावर दोन किंवा तीन कार्बोरेटर असतील तर साफसफाई हा सोपा भाग झाला. अवघड काम त्यानंतरचं आहे. सगळे परत बसवून असे जुळवायचे, की इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला सारखाच घास मिळावा. हे काम येणाऱ्या जुन्या मिस्त्रींचा एक ठरलेला क्रम असतो. आधी फ्लोट, मग फटीतून हवा शिरू नये म्हणून बुडाचं पॅकिंग, मग हवा आणि सगळ्यात शेवटी मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण. हा क्रम कुणा एकाने बसून ठरवलेला नाही. त्यातली प्रत्येक पायरी कधीतरी, कुठल्यातरी देशात आलेल्या अडचणीचं उत्तर आहे. ती अडचण कळली की स्क्रू किती फेरे फिरवायचा हे पाठ करावं लागत नाही, म्हणून ही कुळकथा सांगतो.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, तिच्यात पेट्रोलच्या फवाऱ्याची सोय नव्हती. डब्यातल्या इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि जाताना वाफ सोबत न्यायची. डबा हलला, इंधन कमी झालं, ऊन वाढलं, की मिश्रण बदलायचं. १८८८ मध्ये बेंझ यांची पत्नी बर्था मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्याच धर्तीच्या गाडीतून गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, तुंबला की तारेचा तुकडा शोधणाऱ्या प्रत्येकाची ही आद्य पूर्वज.

१८९३ साली दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खरा कार्बोरेटर जन्मला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि जर्मनीत विल्हेल्म मेबॅक यांनी, बारीक तोटीतून इंधनाचा फवारा हवेच्या वाटेत सोडण्याची रचना केली. फुलं विकणारी मुलगी फुलांवर पाणी फुंकरताना दिसली आणि बांकींना कल्पना सुचली, अशी हंगेरीत आख्यायिका आहे. मेबॅक हे नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. आंबा घाट चढून कोल्हापूरचा शाही दसरा पाहायला गेलेल्यांनी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहिलेली असते. त्या कंपनीची धुरा वाहणारे कार्ल मेबॅक हे याच विल्हेल्म यांचे चिरंजीव.

फवारा सारखा राहायचा तर तोटीमागची इंधनाची पातळी सारखी राहायला हवी. ते काम फ्लोटचं. पेट्रोल वर आलं की फ्लोट तरंगतो आणि सुई वाट बंद करते. उतरलं की उघडते. जोडीच्या कार्बोरेटरमध्ये पहिली पायरी फ्लोटची असते, ती यामुळेच. डाव्या कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उजवीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर डावीकडचा सिलिंडर कायम जास्त पेट्रोल ओढणार, आणि बाहेरून कुठलाही स्क्रू फिरवून ते दुरुस्त होणार नाही. दोन्ही फ्लोट एकाच मापाने, कार्बोरेटर उघडा असतानाच जुळवावे लागतात. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग आठवडाभर मिक्स्चरच्या स्क्रूशी झटापट चालते.

आता प्रश्न असा, की एक असताना दुसरा हवा कशाला? कार्बोरेटरचा सगळा खेळ हवेच्या वेगावर चालतो. नळी जिथे आवळली आहे तिथे हवा जोरात धावते, दाब उतरतो आणि पेट्रोल वर खेचलं जातं. जास्त ताकदीसाठी नळी मोठी केली तर हळू चालताना हवेचा वेग पडतो आणि गाडी घुटमळते. शिवाय चार किंवा सहा सिलिंडरच्या इंजिनात मध्यभागी एकच कार्बोरेटर ठेवला तर टोकाच्या सिलिंडरपर्यंत मिश्रणाला लांबचा रस्ता पडतो. वाटेत पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण वाटून देणाऱ्या नळीच्या, भिंतीला चिकटतात आणि टोकाला उपाशी हवा पोचते. एका मोठ्या तोंडाऐवजी सिलिंडरजवळ दोन-तीन लहान तोंडं ठेवली की दोन्ही दुखणी एकदम हलकी होतात. तिसरं दुखणं मात्र नव्याने जन्माला येतं, ते जुळवणीचं.

ती जुळवणी जगाला शिकवली इंग्लंडच्या एसयू कार्बोरेटरने. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. लिली अँड स्किनर या पादत्राणांच्या पेढीच्या घराण्यातला जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने १९०५ च्या सुमारास हा कार्बोरेटर घडवला, आणि १९१० मध्ये त्याची कंपनी झाली. हवा ओढली जाईल तसा आतला पिस्टन वर उचलला जातो आणि नळी आपोआप मोठी होते, ही त्यातली युक्ती. सुरुवातीच्या नगांमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. चामड्याच्या घराण्यातल्या माणसाला भाता सुचावा यात मला फार गंमत वाटते. पुढे एमजी टीसीवर दोन एसयू आले, १९४८ च्या जॅग्वार एक्सके १२० वर दोन, १९६१ च्या ई-टाइपवर तीन.

या गाड्यांबरोबर जुळवणीची जी पद्धत रुजली, ती आजही तशीच चालते. दोन्ही कार्बोरेटरच्या थ्रॉटलला जोडणारा दांडा आधी सैल करायचा, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. मग रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं पाळीपाळीने दोन्ही तोंडांशी न्यायचं आणि हवेची सळसळ ऐकायची. सळसळ सारखी होईपर्यंत स्लोचे स्क्रू थोडे-थोडे फिरवायचे. हवा जुळल्यावरच मिक्स्चरला हात लावायचा. त्याची परीक्षाही सोपी आहे. कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहायचा. इंजिन वेग घेऊन तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, मरायला लागलं तर कमी, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. दांडा आवळायचा तो शेवटी, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा सळसळ ऐकायची, कारण आवळतानाच तो हमखास सरकतो.

अमेरिकेत वाट वेगळी पडली. १९३२ पासून फोर्डचं व्ही-आठ इंजिन सामान्य माणसाच्या हाती आलं आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर पोरं त्याच्या शर्यती लावू लागली. विक एडेलब्रॉक यांनी १९३८ च्या आसपास त्या इंजिनासाठी दोन कार्बोरेटर बसतील असं मॅनिफोल्ड ओतलं. मग कंपन्यांनीच तो नाद उचलला. पॉन्टिॲकने १९५७ च्या मोटारींवर तीन कार्बोरेटर एका ओळीत बसवले आणि त्याला ट्राय-पॉवर नाव दिलं. १९६४ साली पॉन्टिॲकच्याच ज्या जीटीओपासून मसल कारचं युग मोजतात, तिच्या ३८९ घन इंचाच्या इंजिनाला चार नळ्यांच्या एका कार्बोरेटरवर ३२५ अश्वशक्ती होती, तर ट्राय-पॉवरवर ३४८. डॉजच्या १९६९ च्या ४४० सिक्स पॅकवर होली कंपनीचे तीन कार्बोरेटर बसले, अश्वशक्ती ३९०.

इथे एसयूच्या उलट कायदा आहे. तिन्ही कार्बोरेटर एकाच वेळी उघडत नाहीत. रोजच्या चालीला मधला एकटा काम करतो, चोकही त्यालाच. पाय खोल दाबला की मग टोकाचे दोघे जागे होतात, कुठे सळीच्या ओढीने, कुठे व्हॅक्यूमने. त्यामुळे ही गाडी पुन्हा जोडताना पहिली खात्री करायची ती टोकाच्या दोघांची झडप पूर्ण मिटते आहे याची. ती केसभर जरी उघडी राहिली तरी स्लो खाली येत नाही, आणि मिस्त्री बिचारा मधल्याला दोष देत बसतो. आधी मधला लावून इंजिन शांत चालवावं, मग टोकाच्या दोघांच्या सळ्या जोडाव्यात. पूर्ण उघडण्याची तपासणी बॉनेटखाली हाताने करू नये, आत बसून पेडल दाबून करावी. परतीच्या स्प्रिंगा ताठ आहेत ना, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावं. तीन कार्बोरेटर उघडे अडकले तर ब्रेकच्या भरवशावर गाडी आवरत नाही. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून कॉर्व्हेटसारखे अपवाद सोडून बाकी मोटारींवर एकापेक्षा जास्त कार्बोरेटर बंद केले आणि ट्राय-पॉवरचा वंश तिथे थांबला.

आपल्याकडे या घराण्याची शाखा फार उशिरा आणि दुचाकीवरून आली. फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, पेट्रोलची जीप, सगळ्यांवर एकेकच कार्बोरेटर. बजाजच्या स्कूटरवर पुण्याच्या स्पाकोचा, तोही एकच. आपल्या मिस्त्रींचे हात त्यावर तयार झाले होते. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती राजदूत ३५० म्हणून आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोन मिकुनी कार्बोरेटर. आधीच्या हाय टॉर्कची ताकद ३०.५ अश्वशक्ती, नंतरच्या लो टॉर्कची २७. त्या काळात रस्त्यावर तिच्या जवळपास जाणारी दुसरी दुचाकी नव्हती. १९८९ पर्यंत ती निघाली आणि पेट्रोल पिणारी, सतत बिघडणारी म्हणून बदनाम झाली. माझं स्पष्ट मत आहे, की त्या बदनामीतला मोठा वाटा गाडीचा नव्हता. एका कार्बोरेटरच्या सवयीने दोन्ही वेगवेगळे लावले जात होते. डावा आपल्या जागी उत्तम, उजवा आपल्या जागी उत्तम, पण दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

ती गाठ इथे केबलमध्ये आहे. मुठीपासून एक केबल निघते आणि पुढे तिच्या तीन शाखा होतात. दोन कार्बोरेटरना जातात, तिसरी ऑइल पंपाला. शिमग्यात पालखी उचलताना एक खांदा आधी वर गेला की पालखी कलते, तसं इथे एक स्लाइड, म्हणजे कार्बोरेटरमधली वर-खाली सरकणारी झडप, आधी उचलली की दुसरा सिलिंडर नुसता ओढला जातो. म्हणून स्लोचे दोन्ही स्क्रू मागे घेऊन स्लाइड तळाला टेकवाव्यात, स्क्रू जेमतेम लागतील तिथून दोन्हीकडे सारखेच फेरे द्यावेत. मग दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून मूठ हळूच पिळावी. दोन्ही बोटांना हालचाल एकाच क्षणी कळली पाहिजे. नाही कळली तर टोपणावरच्या ॲडजस्टरने केबलचा ढिलेपणा सारखा करावा. स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडेच हवी. उलटी घातली तर ती नीट खाली बसत नाही आणि गाडी सुरू होताच किंचाळत सुटते. कार्बोरेटर जुळल्यावर ऑइल पंपावरची खूणही पाहावी, कारण केबल हलवली की पंपाचं मापही हललेलं असतं आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी पडलं की पिस्टन जॅम.

एक गोष्ट इथे नक्की लक्षात ठेवावी. मिकुनीचा बाजूचा स्क्रू हवेचा आहे. तो आत गेला की हवा कमी होते, म्हणजे पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला मिश्रणाचा स्क्रू असलेल्या कार्बोरेटरवर नेमकं उलटं होतं. मोटारीवर शिकलेला हात आरडीवर आला की फसतो तो इथेच. शेवटची परीक्षा आरडीने स्वतःच दिलेली आहे. तिला दोन सायलेन्सर आहेत. दोन्हींच्या मागे तळहात धरले की धक्के सारखे येतात का ते कळतं. थोडी चालवून दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. दोघांचा रंग एक हवा.

कोकणाने या क्रमात आपली भर घातली आहे. खाऱ्या हवेने कार्बोरेटरच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते आणि बारीक वाटा बुजतात. मॅनिफोल्डचं रबर वरून धड दिसतं, वाकवलं की चिरा उघडतात, तिथून इंजिन हवा घेतं आणि स्लो कधीच टिकत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते दमटपणातलं पाणी शोषून घेतं, जुन्या रबराला फुगवतं, आणि तेवढ्याच जेटवर मिश्रण थोडं हलकं करतं. जूनमध्ये गाडी उभी करताना दोन्ही वाट्या रिकाम्या करून ठेवल्या तर दसऱ्याचं निम्मं काम वाचतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे निकष आले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांवर इंजेक्शन बसलं. ते चांगलंच झालं, धूर कमी झाला. पण जुन्या जोडीच्या गाड्या अजून आपल्यात आहेत आणि जुळवणीचा कंटाळा येऊन काही जण दोन काढून एक बसवून घेतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. उघडण्याआधी डाव्या-उजव्याच्या खुणा करा, जेटचे आकडे आणि नीडलची क्लिप कितव्या खाचेत आहे ते वहीत लिहा, दांड्यांचे आणि केबलचे फोटो काढा. आणि तुमच्या गावात हे काम कानाने करणारे एखादे मिस्त्री असतील, तर या दसऱ्याला गाडी त्यांच्याकडे नुसती सोडून येऊ नका. शेजारी बसून शिकून घ्या.