नाव, क्रम आणि शोधमार्ग

अमरावतीकराने ‘आष्टी’ म्हटले की त्याच्या मनात बहुधा वर्धा जिल्ह्यातील आष्टी असते. बीडकडील मनुष्य तेच नाव ऐकून आपल्या जिल्ह्यातील आष्टीकडे वळतो. नाव एकच असता अर्थ मात्र ऐकणारा प्रथम कोठे शोधतो यावर ठरतो. संगणकाच्या आज्ञा-ओळीवर नुसते नाव लिहिले असताही हाच प्रश्न उद्भवतो. त्यावर योजलेला उपाय म्हणजे शोधमार्ग, अर्थात ‘पाथ’ होय.

१९६५ साली आरंभलेल्या मल्टिक्स प्रणालीत शोधाचे नियम वापरणाऱ्यास बदलता येत असत. अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, १९६९ मध्ये, बेल प्रयोगशाळेत यूनिक्सचा आरंभ झाला. परंतु तिच्या प्रारंभीच्या शेलमध्ये ही मोकळीक नव्हती. आधी चालू निर्देशिका, मग ‘बिन’, मग ‘यूएसआर-बिन’ हा क्रम शेलच्या आज्ञावलीतच गोठविलेला होता. जॉन मॅशी यांनी सत्तरीच्या दशकात हा क्रम एका चलात ठेवला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलने त्यास ‘पाथ’ हे नाव दिले, स्थानांमध्ये अपूर्णविराम घातला आणि ‘एक्स्पोर्ट’द्वारे तो पुढील आज्ञावलींकडे सोपविण्याची सोय केली. १९८३ साली, म्हणजे अमरावती विद्यापीठ स्थापन झाले त्या वर्षी, एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच कल्पना आली. तेथे अपूर्णविराम तबकडीच्या अक्षरापुढे आधीच योजिलेला असल्याने अर्धविराम स्वीकारावा लागला.

क्रमाचा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. बोर्न यांच्या मूळ मार्गात चालू निर्देशिका अग्रस्थानी होती. परिणामी सामायिक निर्देशिकेत कोणी ‘एलएस’ या परिचित नावाची कपटी आज्ञावली ठेवल्यास, तेथे ते नाव टंकणाऱ्या व्यवस्थापकाच्या संपूर्ण अधिकारानिशी ती चाले. म्हणूनच यूनिक्सच्या परंपरेने पुढे चालू निर्देशिका मार्गातून वगळली. डॉसच्या वंशातील आज्ञा-ओळीने मात्र ती प्रथम पाहण्याची रीत टिकविली.

नवे स्थान जोडताना जुना मार्ग सोबत न लिहिल्यास नित्याच्या आज्ञाही सापडेनाशा होतात. शिवाय आज्ञा-ओळीवर केलेला बदल त्या सत्रापुरताच टिकतो. तो कायम करावयाचा तर आरंभ-फाइलीत नोंदवावा लागतो. विंडोजमधील ‘सेटएक्स’ बदल कायम करते खरे, पण १०२४ वर्णांपुढील मजकूर छाटून टाकते.

तात्पर्य, आज्ञेचा अर्थ तिच्या नावात सामावलेला नसतो. शोधाचा क्रम ठरविणारा तो अर्थ ठरवितो. हा अधिकार यंत्राच्या कर्त्याकडून वापरणाऱ्याकडे आला, आणि त्याबरोबर दक्षतेची जबाबदारीही आली.