पागडी ते नोंदणीकृत करार

मुंबईत 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढच्या चार दशकांत गिरण्यांची संख्या वाढली आणि कोकण, देश, घाट या भागांतून आलेल्या कामगारांना राहायला जागा हवी झाली. ही गरज प्रामुख्याने खासगी चाळमालकांनी भागवली. एका खोलीत दहा-पंधरा गडी राहत, पाळी संपवून आलेला माणूस पाळीवर गेलेल्याच्या जागेवर पथारी पसरी. घर भाड्याने देणे हा या शहरात स्थिर उत्पन्नाचा धंदा ठरला. हातात थोडी पुंजी असलेला व्यापारी किंवा निवृत्त नोकरदारही गिरगावात वा दादरला एखादी इमारत उभी करून म्हातारपणाची सोय करू लागला. मोठ्या मालकांचा भाडेवसुलीसाठी पगारी मेहता असे. छोटा मालक स्वतःच पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरे.

1896 च्या प्लेगनंतर सरकार या क्षेत्रात उतरले. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. तरीही मागणीच्या मानाने खोल्या कमीच राहिल्या. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा 1918 मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये झालेल्या भाडेनियंत्रण कायद्याने पुढच्या अर्ध्या शतकाची दिशा ठरवली.

या कायद्याचे तीन खांब होते. पहिला ‘प्रमाण भाडे’. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेचे जे भाडे असेल तेच कायम, त्यापेक्षा जास्त घेणे गुन्हा. दुसरा हकालपट्टीला बंधन. प्रमाण भाडे देणाऱ्या भाडेकरूला काढण्यासाठी कायद्यात सांगितलेले कारण न्यायालयात सिद्ध करावे लागे. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असली, तरी जागा सोडल्याने कोणाची अडचण मोठी याची तुलना न्यायालय करी. तिसरा वारसा. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाई. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचवण्याचा हा प्रयत्न होता आणि लाखो कुटुंबे त्यामुळे शहरात टिकली, हे मान्य केलेच पाहिजे. दोष दिशेत नव्हता. कायदा मुदतीचा असूनही त्याला मुदतवाढ मिळत राहिली आणि भाड्याचा आकडा मात्र जागचा हलला नाही, हा खरा दोष.

पागडी वाढली ती या गोठलेल्या आकड्यामुळे. भाडे वाढवता येत नाही आणि जागेची खरी किंमत तर वाढतच आहे. मग ती किंमत एकरकमी, रोखीने आणि पावतीशिवाय वसूल होऊ लागली. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून पागडी घेई. मालक त्यातला ठरलेला वाटा, सर्वसाधारणपणे तिसरा हिस्सा, घेऊन भाडेपावती नव्या नावावर करून देई. 1947 च्या कायद्याने असे पैसे घेणे गुन्हा ठरवले होते, पण व्यवहार थांबले नाहीत. पावतीलाच मालकी हक्काचे मोल आले. इमारतीचा सातबारा किंवा मालमत्तापत्रक ज्याच्या नावावर, त्याच्यापेक्षा पावतीधारकाची जागेवरची पकड घट्ट झाली. मालकाच्या हाती महिन्याला येणाऱ्या पाच-पंचवीस रुपयांत गच्चीचे डांबरही होत नसे.

दुरुस्ती थांबली आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. 1969 मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा होऊन बेटशहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला. अशा इमारतींची संख्या 19,642 होती आणि त्यांतल्या 16,502 सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेल्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेत सामील झाले.

पुण्यात हीच गोष्ट वाड्यांच्या रूपाने घडली. तिथे मालक अनेकदा त्याच वाड्यात, बिऱ्हाडकरूंच्या शेजारी राहत असे. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे अनेक वाडे पडले. उरलेले तुटपुंज्या भाड्यावर तग धरून राहिले आणि पुढे बहुतेक विकसकांकडे गेले.

छोट्या मालकाच्या मनात सर्वांत खोल भीती भाडेनियंत्रण कायद्याच्या 1973 च्या दुरुस्तीने बसवली. भाडेकरू नव्हे तर ‘लायसेन्सी’, म्हणजे फक्त वापराच्या परवान्यावर राहणारा, अशा माणसाच्या ताब्यात 1 फेब्रुवारी 1973 रोजी जागा असेल तर तो भाडेकरू मानला जाईल, असे त्या दुरुस्तीने ठरवले. काही महिन्यांसाठी दिलेली जागा कायमची गेली, असा अनुभव अनेकांना आला. त्यानंतर कित्येक मालकांनी सदनिका कुलूपबंद ठेवणे पसंत केले. ज्यांना घर हवे होते त्या नव्या भाडेकरूंचेच यात सर्वाधिक नुकसान झाले. 1987 च्या दुरुस्तीने लायसन्सची मुदत संपताच जागा परत मिळवण्याची वेगळी वाट काढली, तेव्हा कुठे मालक सावधपणे पुढे आले.

डिसेंबर 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. वीस रुपयांच्या खोलीत ही वाढ पहिल्या वर्षी 80 पैसे भरते, म्हणजे जुन्या मालकाचा प्रश्न सुटला असे म्हणणे धाडसाचे आहे. पागडीला मात्र कायदेशीर मान्यता मिळाली. बँका, सरकारी उपक्रम आणि 1 कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण राहिले नाही. दुकान वा कार्यालय भाड्याने देणाऱ्यासाठी हा मोठा बदल होता.

आजचा छोटा मालक ज्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर जागा देतो, तो या इतिहासाचा परिणाम आहे. एक गैरसमज अजूनही टिकून आहे. भारतीय नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्रात हे लागू नाही. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवलेला करार हाती असला की मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. तोपर्यंत जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाईही मागता येते. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अटींविषयी वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.