होशंगाबादचं पुस्तक उघडून परीक्षा

1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 सरकारी शाळांत एक गोष्ट सुरू झाली. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून बघायचं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था यामागे होत्या. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली, म्हणजे टीआयएफआरमधली नोकरी सोडून तिकडे गेले होते. पुढे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सुट्टीत येऊन गावातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले.

मास्तरांबरोबर, हे महत्त्वाचं. आपल्याकडे शिक्षण सुधारायचं म्हटलं की आधी पुस्तक बदलतात, मग शिक्षकाला दोन दिवस सभागृहात बसवून भाषण देतात. इथे शिक्षकांनी आधी स्वतः प्रयोग केले, चुकले, भांडले. 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं वर्गातल्या अनुभवांवरून पुन्हा पुन्हा लिहिली गेली. दर महिन्याला शिक्षक जमायचे आणि कुठे अडलं ते सांगायचे.

वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या. सगळ्यांनी एकच लांबी मोजली तरी आकडे वेगवेगळे येतात. आमच्या शाळेत असं झालं असतं तर बाईंनी 'बरोबर' आकडा फळ्यावर लिहिला असता आणि आम्ही तो मुकाट उतरवून घेतला असता. (प्रयोगवही आधी पूर्ण करायची आणि प्रयोग झालाच तर नंतर, हा नियम तुमच्याकडेही असेल.) इथे धडा त्या फरकांवरच होता. आकडे वेगळे का आले? किती फरक चालेल? बाराव्या वर्षी हे कळलेलं मूल पुढे बातमीतल्या आकड्याकडेही जरा वेगळ्या नजरेनं बघेल, असं मला वाटतं.

मुलांना पडणाऱ्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. त्याला पत्र लिहायचं, उत्तर यायचं. आणि परीक्षा? पुस्तक आणि वही सोबत घेऊन बसायची. पाठांतराला मार्कच नाहीत म्हटल्यावर कॉपी कशाची करणार? प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी.

1978 मध्ये सरकारनं हा कार्यक्रम जिल्हाभर नेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनीअर तिथे पोचले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी आकार बनवले. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चौकोन मात्र लगेच तिरका होतो. पुलाच्या आणि छपराच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, ते काही पैशांत हातात आलं. हेच गुप्ता पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं खेळणी बनवत राहिले. त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील.

1982 मध्ये कार्यक्रम सांभाळायला 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. हळूहळू तो सुमारे 15 जिल्ह्यांत आणि हजाराच्या आसपास शाळांत पोचला. मग 2002 मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. एक तक्रार दहावीच्या निकालांबद्दल होती, दुसरी अशी की आमच्याच मुलांना बाकी राज्यापेक्षा वेगळं पुस्तक का? दुसरी तक्रार मला हसण्यावारी नेता येत नाही. खेड्यातल्या शेतकऱ्याला आपलं पोर कुणाच्या प्रयोगाचा उंदीर व्हावं असं का वाटेल? पुढे सगळी दारं पाठांतराच्या परीक्षेनंच उघडतात, हे त्याला त्या प्राध्यापकांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक. पण मग ती परीक्षा बदलायची होती. ते अवघड होतं. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशानं थांबवणं सोपं होतं.

अर्थात उणिवाही होत्या. प्रयोगांचं सामान दर वर्षी संपतं, फुटतं. ते पुन्हा पोचवणं सरकारी यंत्रणेच्या हाती. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाची बदली झाली की त्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

होशंगाबादचं नाव आता नर्मदापुरम झालंय. 'बाल वैज्ञानिक' मात्र पीडीएफमध्ये फोनवर उघडतं. हिंदी सोपी आहे. मी सहावीचं वाचायला घेतलं आणि तिसऱ्याच पानावर फोन ठेवून घरात मोजपट्टी शोधू लागलो.