अर्धवट डावाचा न्याय

‘आज बहुधा पाऊस येईल’, ‘या धंद्यात बुडण्याचा संभव कमी’ अशी वाक्ये आपण रोज बोलतो. हे ‘बहुधा’ मोजता येते, ही गोष्ट मात्र माणसाला फार उशिरा सुचली. जुगाऱ्याची दैना ऋग्वेदातही वर्णिलेली आहे. पण फाशांचे गणित अवघे पावणेचारशे वर्षांचे आहे. त्याचा उगम एका वाटणीच्या तंट्यात आहे, आणि तोच आज आम्हाला पाहावयाचा आहे.

तंटा असा. दोघांनी प्रत्येकी ३२ सोन्याची नाणी पणाला लावली. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ न्यावीत. प्रत्येक डावात दोघांची संधी सारखी. पहिल्याचे दोन डाव आणि दुसऱ्याचा एक झाला असता खेळ मोडला. आता वाटणी कशी करावयाची?

इटलीतील पाचिओली याने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात असल्या प्रश्नाला उत्तर दिले होते: जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटा. वरवर पाहता हे रास्त वाटते. पण १५५६ मध्ये तार्ताल्या याने त्यातील खोच दाखविली. एकच डाव होऊन खेळ मोडला, तर या नियमाने एकाला सगळे आणि दुसऱ्याला शून्य! हा कसला न्याय? अखेर, हा प्रश्न गणिताचा नसून न्यायनिवाड्याचा आहे, असे म्हणून त्याने हात टेकले.

पुढे १६५४ साली पॅरिसचा पास्कल आणि तुलूझचा फेर्मा यांनी पत्रे लिहून तो सोडविला. योगायोग असा की, फेर्मा पेशाने तुलूझच्या न्यायालयातील अधिकारीच होता! दोघांचे म्हणणे एक: झालेले डाव मोजू नका, राहिलेले पाहा.

फेर्माच्या रीतीने, आणखी दोन डावांत निकाल लागलाच पाहिजे. त्या दोन डावांचे प्रकार चार: दोन्ही पहिल्याचे, एक पहिल्याचा, मग एक दुसऱ्याचा, त्याच्या उलट, आणि दोन्ही दुसऱ्याचे. चारही सारख्याच संभवाचे. त्यांपैकी तीनांत पहिला जिंकतो. म्हणून त्याला ४८, दुसऱ्याला १६.

येथे कोणी विचारील, पुढचा डाव पहिल्यानेच जिंकला तर खेळ तेथेच संपला. मग आणखी एक कशाला मोजावयाचा? पास्कलच्या ओळखीच्या रोबेर्व्हाल या गणितज्ञाने हीच शंका घेतली होती. पास्कलची रीत पाहा, म्हणजे ती फिटेल. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर ६४ त्याची. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. तेव्हा ३२ त्याची ठरलेलीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क सारखा, म्हणून त्यांतील १६. बेरीज पुन्हा ४८!

सारख्या संभवाच्या सर्व प्रकारांपैकी अनुकूल किती, हा अपूर्णांक म्हणजेच संभाव्यता. १६५७ मध्ये हॉयगेन्सने या विषयावर पुस्तक छापले. १६९३ मध्ये हॅलीने ब्रेस्लाव शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून वर्षासनाची किंमत काढली. खेळातले गणित असे संसारात आले, आणि आयुर्विम्याचा हप्ता आज याच वाटेने ठरतो.

उद्या कोण जगेल, कोण जिंकेल हे या शास्त्राला सांगता येत नाही. पण उद्याचे ठाऊक नसतानाही आज कोणाचा वाटा किती, हे दोघांनाही पटेल असे ते सांगते.