दहा पाहुणे आणि एक गैरहजर मूल

बाहेर वादळ सुटलेले आहे. रस्ता वाहून गेला आहे, टेलिफोनची तार तुटली आहे, आणि एका एकाकी घरात परस्परांना न ओळखणारी आठ-दहा माणसे अडकून पडली आहेत. रात्रीच्या जेवणाला टेबलाभोवती माणसे मोजावीत तो एक कमी! खून करणारा बाहेरून आलेला नाही. तो याच टेबलावर बसून सर्वांबरोबर हळहळ व्यक्त करीत आहे.

रहस्यपटांचा हा थाट आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. चकलीचा तुकडा मोडत आणि घरच्या मंडळींशी पैजा लावत असा चित्रपट पाहण्यात मौज असते, हे मी तरी नाकारणार नाही. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : खून कोणी केला? मी पेशाने शाळामास्तर. हजेरीपट वाचताना हजर मुलांपेक्षा गैरहजर मुलाकडे लक्ष आधी जाण्याची आम्हां मास्तरांना खोड असते. त्या खोडीमुळे या कथांचा पूर्वेतिहास चाळताना मला वेगळीच गोष्ट दिसली. या बंद घरांत एक जण नेहमी गैरहजर असतो, आणि तो बहुधा एक मूल असतो.

या कथाप्रकाराला जगभर पोचवले ते इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्ती या लेखिकेने. १९२९ च्या हिवाळ्यात ओरिएंट एक्स्प्रेस ही युरोपातील नामांकित आगगाडी तुर्कस्तानात बर्फात रुतून काही दिवस अडकून पडली होती. पुढे डिसेंबर १९३१ मध्ये, पुराणवस्तुसंशोधक पती मॅक्स मॅलोवान यांचे निनेव्हे येथील उत्खनन पाहून बाई याच गाडीने परतत होत्या, तेव्हा पुरामुळे त्यांचीही गाडी खोळंबली. डब्यातले नाना देशांचे उतारू न्याहाळायला त्यांना आयती सवड मिळाली. बर्फात अडकलेल्या गाडीतील खुनाची त्यांची प्रसिद्ध कादंबरी १९३४ च्या आरंभी निघाली.

परंतु गाडीने फक्त जागा पुरवली. जीव पुरवला तो अमेरिकेतील एका घटनेने. १९२७ साली अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून न थांबता पार करणारा चार्ल्स लिंडबर्ग सर्वांना ठाऊक आहे. १ मार्च १९३२ च्या रात्री त्याचे वीस महिन्यांचे बाळ पाळण्यातून पळवले गेले. पन्नास हजार डॉलरांची खंडणी भरूनही बाळ परतले नाही; मे महिन्यात त्याचे प्रेत सापडले. आजोळच्या घरातील एका निरपराध मोलकरणीने पोलिसांच्या संशयाला कंटाळून आत्महत्या केली. अगाथाबाईंच्या कादंबरीत पळवून मारलेले मूल आहे, आत्महत्या करणारी दासी आहे, आणि गाडीत ज्याचा खून होतो तो इसम म्हणजे पैशाच्या व वशिल्याच्या जोरावर न्यायालयातून सुटलेला त्या मुलाचा मारेकरी आहे. पुस्तक निघाले तेव्हा लिंडबर्गच्या बाळाचा मारेकरी मोकळाच होता. त्या प्रकरणातील आरोपी ब्रूनो हाउप्टमान पकडला गेला तो सप्टेंबर १९३४ मध्ये. कायदा जिथे पोचला नव्हता, तिथे आधी कादंबरी जाऊन पोचली होती.

यानंतर १९३९ च्या नोव्हेंबरात, महायुद्ध पेटून दोन महिने होतात न होतात तोच, बाईंची दहा पाहुण्यांची कादंबरी बाहेर पडली. इंग्रजी मुलांच्या एका बडबडगीतावर ती रचलेली होती. मूळ नावात काळ्या लोकांचा अपमान करणारा शब्द असल्यामुळे अमेरिकेत ती पहिल्यापासून निराळ्या नावाने छापली गेली, आणि इंग्लंडातही ते जुने नाव पुढे टाकून देण्यात आले. डेव्हनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर दहा जणांना निमंत्रणे जातात. यजमानाचा पत्ता नसतो. जेवण उरकते आणि ग्रामोफोनच्या तबकडीतून आवाज येतो : तुम्ही प्रत्येकाने कोणाचा ना कोणाचा जीव घेतला आहे! कोणाचेही पाप कोर्टात सिद्ध होण्याजोगे नाही. त्यांत एक तरुण शिक्षिका आहे. सांभाळायला दिलेल्या लहान मुलाला तिने समुद्रात खोल पोहायला जाऊ दिले, आणि ते मूल परत आले नाही. बाकीच्या नऊ जणांचे गुन्हे वाचून मी पुढे गेलो. या दहाव्या गुन्ह्यापाशी मात्र थांबलो. ज्याच्या ताब्यात लोक आपली मुले निर्धास्तपणे सोपवतात, त्याच्याच हातून असे घडावे, यासारखा विश्वासघात नाही.

कादंबरीच्या शेवटी बेटावर कोणीही जिवंत उरत नाही. परंतु १९४३ साली लंडनच्या रंगभूमीवर नाटक आणताना बाईंनी शेवट बदलला आणि दोघांना वाचवले. त्या शहराने बॉम्ब सोसले होते, घरोघरी कोणी ना कोणी गमावले होते. अशा प्रेक्षकाला रिकाम्या रंगमंचावर सोडून देणे कठीणच. १९४५ मध्ये रेने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाने अमेरिकेत जो चित्रपट केला, त्यानेही नाटकाचाच शेवट उचलला.

आता तिसरे घर. राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त मे १९४७ मध्ये बी.बी.सी.ने अगाथाबाईंची एक श्रुतिका ध्वनिक्षेपित केली. तिचेच पुढे नाटक झाले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झालेले ‘द माउसट्रॅप’ ते हेच. १९७४ मध्ये ते शेजारच्या नाट्यगृहात गेले, कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये बंद पडले, आणि मे २०२१ मध्ये पुन्हा उभे राहिले. जगात इतके दीर्घकाळ चाललेले दुसरे नाटक नाही. बर्फाने वेढलेले एक अतिथिगृह, त्यात अडकलेली अनोळखी माणसे, आणि बर्फावरून घसरत आलेला एक पोलीस. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनवतात, ‘गुन्हेगाराचे नाव बाहेर सांगू नका.’ मीही ती विनंती पाळतो.

पण या नाटकामागे जो मुलगा आहे त्याचे नाव लपवण्याचे कारण नाही. त्याचे नाव डेनिस ओ’नील. वेल्समधील न्यूपोर्टचा हा मुलगा. आईबापांकडून काढून सरकारी देखरेखीखाली घेतलेल्या भावंडांपैकी तो एक. १९४४ साली त्याला आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स याला श्रॉपशरमधील एका शेतकरी जोडप्याकडे सांभाळण्यास दिले. तिथे मुलांची उपासमार झाली, त्यांना मारहाण झाली. मुले ठेवणारी कचेरी एका गावची, शेत दुसऱ्या परगण्यात. देखरेख कोणी करायची याचाच घोळ. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मरण पावला. वय अवघे बारा वर्षे. धाकट्या टेरेन्सने कोर्टात उभे राहून साक्ष दिली. शेतकऱ्याला सहा वर्षांची आणि त्याच्या बायकोला सहा महिन्यांची शिक्षा झाली. सर वॉल्टर माँक्टन यांनी चौकशी केली, पुढे कर्टिस समितीचा अहवाल आला, आणि १९४८ च्या कायद्याने निराधार मुलांच्या देखरेखीसाठी प्रत्येक स्थानिक संस्थेत स्वतंत्र समिती व अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. कागद हलले, पण एक मूल गेल्यावर!

आपल्याकडे हा थाट १९६५ साली ‘गुमनाम’ होऊन आला. दिग्दर्शक राजा नवाथे हे मराठी. नायिका नंदा तर मास्टर विनायकांची कन्या. बक्षिसाच्या परदेशवारीला निघालेली मंडळी विमान सोडून गेल्यामुळे एका अनोळखी ठिकाणी अडकतात, आणि एका ओसाड हवेलीत एकेक बळी पडू लागतो. मनोजकुमार, प्राण, हेलन, विनोदाला मेहमूद, आणि शंकर-जयकिशन यांचे संगीत! त्यातील मुखवटे घातलेल्या नर्तकांचे गाणे २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी झळकले. आपल्या चित्रपटाने भय घेतले, त्याला नाचगाण्यांची झालर लावली, आणि अखेरीस पोलीस आणून सर्वांना निर्धास्त घरी पाठवले. मात्र या हवेलीत मूल नाही; तिच्या मागे आहे ते एका धनिकाचे खूनप्रकरण. म्हणूनच की काय, ‘गुमनाम’ पाहून उठताना ओठांवर गाणे असते, मनावर ओझे नसते.

ते ओझे पुन्हा भेटले २००३ च्या ‘आयडेंटिटी’ या अमेरिकन चित्रपटात. जेम्स मॅनगोल्ड यांचे दिग्दर्शन. नेवाडाच्या वाळवंटात मुसळधार पाऊस, दोन्ही बाजूंनी बंद झालेले रस्ते, आणि रस्त्याकडेच्या एका मोटेलात अडकलेली दहा माणसे. प्रत्येक प्रेतापाशी खोलीची किल्ली सापडते आणि तिच्यावरचे आकडे उतरत जातात. यात इतक्या कलाटण्या आहेत की पैज लावणाऱ्याने आपले पैसे आधीच मोजून ठेवावेत. रहस्य मी फोडणार नाही. एवढेच सांगतो की, याही कथेच्या तळाशी आईने मोटेलात टाकून दिलेला एक मुलगा आहे. गाडी गेली, बेट गेले, अतिथिगृह गेले, मोटेल आले. गैरहजर मूल मात्र तेच.

याचे कारण फार दूर शोधावे लागत नाही. मोठ्या माणसावर अन्याय झाला तर तो फिर्याद करतो, वकील देतो, निदान शिव्या तरी घालतो. मुलाची फिर्याद मोठ्यांच्याच तोंडून जावी लागते, आणि कैक वेळा तीच मोठी माणसे आरोपी असतात. असा गुन्हा कोर्टात टिकत नाही. मग कथाकार वादळ उठवतो, पूल पाडतो, तारा तोडतो. सुटलेल्यांना पळायला वाट ठेवत नाही, आणि त्या मुलाची फिर्याद तिथे चालवतो. सूडाचा हा न्याय खरा न्याय नव्हे. म्हणूनच तर त्यात निरपराधही चिरडले जातात, आणि प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जावी हे त्याला कळेनासे होते. खरा न्याय १९४८ च्या त्या रुक्ष कायद्यासारखा असतो. त्यात कलाटणी नाही, टाळ्या नाहीत. वेळेवर दार ठोठावून ‘मूल कसे आहे?’ असे विचारणारा एक माणूस तेवढा आहे.

या दिवाळीत घरची मंडळी असा एखादा चित्रपट लावून बसतील, तेव्हा खुनी कोण यावर पैजा जरूर लावाव्यात. शेजारच्या घरातले एखादे मूल फटाक्यांच्या आवाजालाही बाहेर आले नसेल, तर मध्येच उठून त्याची चौकशीही करावी. चित्रपट काय, थांबवून ठेवता येतो.